पॅनेल ६७० वॉटची, तरीही बॅटरी पूर्ण भरत नाही : घरच्या सोलर जोडणीत चूक कुठे शोधावी?

कौलारू (धागाकर्ता)

नमस्कार. दापोली तालुक्यातील आमच्या गावच्या घरी आईवडील राहतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात वाडीतले विजेचे खांब आडवे झाले आणि त्यानंतर बरेच दिवस घरात अंधार होता. तेव्हाच ठरवले की रात्रीच्या गरजेपुरती तरी आपली स्वतंत्र व्यवस्था असावी. त्याप्रमाणे एका विक्रेत्याकडून जोडणी करून घेतली. इन्व्हर्टरला बाहेरच्या विजेचे इनपुट मुद्दामच दिलेले नाही. बॅटरी फक्त उन्हावर भरायची आणि रात्री एक पंखा व चार दिवे तिच्यावर चालवायचे, एवढीच अपेक्षा आहे.

सध्याची मांडणी अशी आहे. अंगणात लोखंडी स्टँडवर ३३५ वॉटची ७२ सेलची दोन पॅनेल आहेत आणि ती एकमेकांना समांतर, म्हणजे पॅरलल, जोडलेली आहेत. तेथून ४ चौरस मिलिमीटरची तार साधारण १८ मीटर येऊन माळ्यावरच्या ३० अँपिअरच्या पीडब्ल्यूएम प्रकारच्या चार्ज कंट्रोलरला, म्हणजे पॅनेलकडून बॅटरीत जाणारा प्रवाह सांभाळणाऱ्या पेटीला, मिळते. कंट्रोलरपासून तीच तार भिंतीच्या कडेने खाली पडवीत उतरते आणि १५० एएच (अँपिअर-तास) क्षमतेच्या १२ व्होल्टच्या एका ट्युब्युलर, म्हणजे शिसे-आम्लाच्या, बॅटरीला जोडलेली आहे. बॅटरीशेजारीच ९०० व्हीएचा साधा इन्व्हर्टर आहे.

अडचण अशी, की रात्री दीड-दोनच्या सुमारास इन्व्हर्टर बॅटरी संपल्याची सूचना देऊन बंद पडतो. पहिली बॅटरी दोन वर्षांतच निकामी झाली. विक्रेत्याने तेव्हा बॅटरीला दोष दिला, म्हणून चांगल्या प्रतीची दुसरी घेतली. तिला आठ महिने झाले आहेत आणि लक्षणे पुन्हा तीच दिसू लागली आहेत. आता तो म्हणतो की आणखी एक पॅनेल वाढवा. ६७० वॉटची पॅनेल एका बॅटरीला पुरत नाहीत, हे मला पटत नाही. पैसे घालण्यापूर्वी मूळ दोष समजून घ्यायचा आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

---

तांबेतार

तिसरे पॅनेल सध्या मुळीच घेऊ नका. ज्या पॅनेलांची वीज आज वाया जाते आहे, त्यांच्या शेजारी आणखी एक ठेवल्याने तीही वायाच जाईल.

तुमच्याकडे ७२ सेलचे पॅनेल आहे. बाजारात त्याला २४ व्होल्टचे पॅनेल म्हणतात, पण प्रत्यक्षात ते सुमारे ३८ व्होल्टला आपली पूर्ण शक्ती देते आणि तेव्हा त्यातून ८.८ अँपिअरच्या आसपास प्रवाह निघतो. पीडब्ल्यूएम कंट्रोलर हा स्वभावाने एक जलद उघडझाप करणारा स्विच आहे. तो पॅनेलला सरळ बॅटरीशी जोडतो, त्यामुळे पॅनेलचे व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजपर्यंत खाली ओढले जाते. अँपिअर मात्र तेवढेच राहतात. दोन पॅनेलांचे मिळून १७.६ अँपिअर आणि बॅटरीचे १३ व्होल्ट, यांचा गुणाकार २२९ वॉट होतो. ६७० वॉटच्या पॅनेलांमधून भर उन्हातही तुम्हाला एवढेच मिळू शकते. एमपीपीटी कंट्रोलर मात्र पॅनेलला त्याच्या ३८ व्होल्टवरच काम करू देतो आणि जास्तीच्या व्होल्टेजचे अँपिअरमध्ये रूपांतर करून बॅटरीला देतो.

माझ्या मते हेच तुमचे उत्तर आहे : कंट्रोलर बदला.

---

खाडीकाठ

कंट्रोलर बदलण्यापूर्वी अंगणातले सांधे एकदा डोळ्यांनी पाहून घ्या, अशी माझी विनंती आहे. आमचे घर खाडीपासून हाकेच्या अंतरावर आहे. खाऱ्या हवेने दोन पावसाळ्यांत एमसी-४ कनेक्टरच्या (पॅनेलच्या तारा एकमेकींना जोडणाऱ्या सांध्याच्या) आतली पिन हिरवी पडलेली मी स्वतः पाहिली आहे. बाहेरून कनेक्टर नवा दिसतो, आतून मात्र तो जळत असतो. भर दुपारी कनेक्टरला हात लावून पाहा. शेजारच्या तारेपेक्षा तो गरम लागला, तर आत गंज आहे असे खुशाल समजा. तो उघडण्यापूर्वी मात्र पॅनेलवर जाड गोणपाट किंवा ताडपत्री टाकून ऊन बंद करा. चालू प्रवाहात एमसी-४ ओढून काढल्यास आत ठिणगी पडते आणि कनेक्टर कायमचा खराब होतो.

पोफळीची किंवा माडाची सावली सकाळी दहाच्या पुढे पॅनेलवर येते का, हेही कळवावे.

---

विद्युल्लता

तांबेतार यांनी सांगितलेले गणित बरोबर आहे, तरीही मला वाटते की या प्रश्नाचे उत्तर त्यात पूर्ण मिळत नाही. १५० एएचच्या ट्युब्युलर बॅटरीला तिच्या क्षमतेच्या दहा टक्के, म्हणजे १५ अँपिअरने भरणे हा सर्वमान्य दर आहे. दोन पॅनेलांचे १५-१६ अँपिअर पीडब्ल्यूएममधूनही मिळत असतील, तर ही बॅटरी उपाशी राहता कामा नये. एवढा प्रवाह येत असूनही बॅटरी भरत नसेल, तर तो प्रवाह पुरेसा वेळ टिकत नसला पाहिजे.

धाग्यात आपण एक वाक्य सहज लिहून गेला आहात, की कंट्रोलर माळ्यावर आहे आणि बॅटरी खाली पडवीत. मला तेच महत्त्वाचे वाटते. कृपया एवढी मोजमापे घेऊन इथे द्यावीत. दुपारी बाराच्या सुमारास मल्टिमीटरने कंट्रोलरच्या ‘बॅटरी’ लिहिलेल्या दोन टर्मिनलांवरील व्होल्टेज मोजावे, आणि शक्यतो त्याच क्षणी दुसऱ्या मीटरने बॅटरीच्या शिशाच्या खांबांवरचे, लगवरचे (तारेच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या कडीवरचे) नव्हे, व्होल्टेज मोजावे. त्याच वेळी प्रवाहही मोजावा. त्यासाठी डीसी मोजणारे क्लँप मीटर लागते. बाजारातली बरीच स्वस्त क्लँप मीटरे फक्त एसी प्रवाह मोजतात, हे घेताना पाहावे. हायड्रोमीटरने सहाही सेलांची ग्रॅव्हिटी, म्हणजे बॅटरी किती भरली हे सांगणारी आम्लाची घनता, पाहता आली तर उत्तमच.

---

कौलारू

सर्वांचे आभार. या शनिवार-रविवारी गावी जाऊन आलो आणि सांगितल्याप्रमाणे सर्व मोजले.

दुपारी पावणेबारा वाजता मी माळ्यावर एक मीटर लावून बसलो होतो आणि बाबा खाली पडवीत बॅटरीपाशी दुसरा मीटर धरून आकडे मोठ्याने वाचत होते. माझ्या मीटरवर १४.४ होते आणि बाबा खालून १३.५ सांगत होते. आधी वाटले की एक मीटर चुकीचा असेल, म्हणून दोघांनी मीटर बदलून पुन्हा मोजले. आकडे तेच आले. प्रवाह त्या वेळी १५ अँपिअर होता. माळ्यावरून बॅटरीपर्यंतची तार फीत लावून मोजली, ती जातानाची ६ मीटर भरली.

त्यानंतर जे दिसले ते याहून विचित्र होते. पाऊण-एकपर्यंत प्रवाह हळूहळू उतरत गेला आणि पावणेदोनच्या सुमारास, बाहेर कडक ऊन असताना, तो एकदम ३ अँपिअरवर आला. कंट्रोलरवर बॅटरी भरल्याचा हिरवा दिवा लागला होता. मी लगेच हायड्रोमीटर घातला. सहा सेलांची ग्रॅव्हिटी ११७५ ते ११९० या दरम्यान होती. बॅटरीच्या पुस्तिकेत पूर्ण भरलेल्या अवस्थेची १२४० दिली आहे.

सावलीचे म्हणाल तर साडेतीननंतर आंब्याची सावली येते, त्याआधी नाही. कनेक्टर गरम लागले नाहीत.

---

विद्युल्लता

आपल्या या दोन आकड्यांमध्येच सगळे उत्तर आहे. बाबांना माझे आभार कळवावेत. दोन ठिकाणी एकाच वेळी मोजल्याशिवाय हा दोष सापडत नाही.

आता गणित पाहू. ४ चौरस मिलिमीटरच्या लवचीक तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ४.९५ मिलिओहम असतो. प्रवाहाला जायचेही असते आणि परतायचेही असते, म्हणून ६ मीटर अंतरासाठी १२ मीटर तार धरावी लागते. तिचा एकूण रोध ५९ मिलिओहम होतो आणि त्यातून १५ अँपिअर गेले, की ०.८९ व्होल्ट तारेतच खर्च होतात. आपल्याला मिळालेला फरक ०.९ आहे. म्हणजे सांधे ठीक आहेत, तारही बनावट नाही. ती फक्त या जागेसाठी बारीक आणि लांब आहे.

सर्वसाधारण समज असा असतो, की तारेत थोडे व्होल्ट गेले तर थोडी वीज वाया गेली, त्यात काय मोठेसे. इथे मात्र नुकसान वेगळ्या प्रकारचे आहे. कंट्रोलर बॅटरीचे व्होल्टेज स्वतःच्या टर्मिनलवर पाहतो. बॅटरीपाशी जाऊन पाहण्याचे दुसरे कोणतेही साधन त्याच्याजवळ नाही. त्याला १४.४ दिसले, की तो समजतो बॅटरी भरत आली आणि प्रवाह रोखू लागतो. प्रत्यक्षात बॅटरी त्या वेळी १३.५ वर, म्हणजे जेमतेम दोन-तृतीयांश भरलेली असते. याहून वाईट पुढे घडते. अनेक कंट्रोलर १४.४ गाठल्यापासून दोन तास मोजतात आणि नंतर १३.७ च्या आसपासच्या फ्लोट अवस्थेत जातात, जिथे बॅटरी फक्त भरलेली ठेवायची असते. आपल्याकडे पावणेबाराला १४.४ दिसले आणि पावणेदोनला प्रवाह गळाला. बरोबर दोन तास. त्यानंतरचे दुपारचे सगळे ऊन कंट्रोलरने नाकारले.

असे रोज घडत राहिले, की ट्युब्युलर बॅटरी कधीच वरपर्यंत जात नाही. न भरलेल्या भागातील लेड सल्फेटचे स्फटिक घट्ट होत जातात आणि तेवढी क्षमता कायमची जाते. आम्ल जड असल्यामुळे ते तळाशी बसते, कारण ते ढवळणारे वायूचे बुडबुडे बॅटरी पूर्ण भरत आल्यावरच निघतात. आपली पहिली बॅटरी दोन वर्षांत गेली, ती निकृष्ट होती म्हणून नव्हे, असे मला खात्रीने वाटते.

उपाय सोपा आहे आणि फार खर्चाचाही नाही. कंट्रोलर माळ्यावरून काढून खाली बॅटरीपासून एक मीटरच्या आत भिंतीवर लावावा. बॅटरीच्या थेट वर मात्र लावू नये, कारण भरताना निघणारा हायड्रोजन आणि आम्लाचे बाष्प वर जाते. कंट्रोलर ते बॅटरी १६ चौरस मिलिमीटरची तार घ्यावी. जाऊन-येऊन २ मीटर धरले, तर १५ अँपिअरला ०.०४ व्होल्टपेक्षाही कमी तूट येईल. कंट्रोलरचे स्क्रू एवढी जाड तार घेत नसतील, तर १० चौरस मिलिमीटरचीही चालेल.

मग पॅनेलकडची तार सहा मीटरने वाढेल, त्याचे काय, असा प्रश्न आपल्या मनात येईल. ती खुशाल वाढू द्यावी. त्या बाजूला पॅनेलजवळ ३८ व्होल्ट देण्याची ताकद आहे आणि पीडब्ल्यूएम त्यातले १४-१५ च वापरतो. तारेत तीन-चार व्होल्ट गेले, तरी बॅटरीला मिळणाऱ्या अँपिअरमध्ये जवळजवळ काहीच फरक पडत नाही. लांब तार पॅनेलच्या बाजूला असावी आणि आखूड, जाड तार बॅटरीच्या बाजूला.

कंट्रोलर खाली आणण्याचे आणखी एक कारण आहे. ज्या कंट्रोलरमध्ये तापमानानुसार व्होल्टेज कमी-जास्त करण्याची सोय असते, त्याचा संवेदक बहुधा कंट्रोलरच्या पेटीतच असतो. बारा व्होल्टच्या बॅटरीसाठी ही दुरुस्ती दर अंशाला सुमारे १८ मिलिव्होल्ट धरली, तर कौलांखालच्या माळ्यावर ४५ अंश झाले असताना कंट्रोलर २० अंशांची म्हणजे ०.३६ व्होल्टची कपात करील, आणि बॅटरी मात्र खाली गारव्यात असेल. आपल्या कंट्रोलरमध्ये ही सोय दिसत नाही, पण पुढे बदलाल तेव्हा लक्षात असू द्यावे.

---

तांबेतार

विद्युल्लता यांचे निदान मला पूर्ण पटले. मी घाईने कंट्रोलर बदलायला सांगितले, ते मागे घेतो. एमपीपीटी माळ्यावर त्याच जागी लावला असता, तर प्रवाह वाढून तारेतली तूट आणखी वाढली असती आणि बॅटरी त्याहूनही लवकर भरल्यासारखी दिसली असती.

तार बदलताच आहात, तर फ्यूजबद्दल लिहितो, कारण तुमच्या वर्णनात फ्यूजचा उल्लेखच नाही. ट्युब्युलर बॅटरीची दोन टोके चुकून एकत्र आली, तर क्षणात हजार अँपिअरच्या घरात प्रवाह वाहू शकतो. ४ चौरस मिलिमीटरची तार तेव्हा लाल होऊन पेटते, आणि ती कौलारू घरात लाकडी वाशांच्या कडेने गेलेली असते. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत ४० अँपिअरचा डीसी फ्यूज बसवा. फ्यूज तारेचे रक्षण करतो, म्हणून तो प्रवाहाच्या उगमाशी हवा. कंट्रोलरपाशी लावलेला फ्यूज मधल्या तारेला वाचवू शकत नाही. इन्व्हर्टरला जाणाऱ्या जाड केबलला स्वतंत्र १०० अँपिअरचा फ्यूज द्या. इन्व्हर्टर थेट बॅटरीलाच जोडलेला असावा. कंट्रोलरवर ‘लोड’ म्हणून जे टर्मिनल असते ते लहान डीसी दिव्यांसाठी आहे, त्याला इन्व्हर्टर कधीही जोडू नये. दोनच पॅनेल पॅरलल असल्यामुळे पॅनेलच्या प्रत्येक ओळीला वेगळा फ्यूज लागत नाही, तिसरी ओळ आली की मात्र तो लागतो.

जोडताना क्रम पाळा. आधी बॅटरी कंट्रोलरला जोडायची, त्याच्या पडद्यावर बॅटरीचे व्होल्टेज दिसू द्यायचे आणि मगच पॅनेल जोडायचे. काढताना उलट, म्हणजे आधी पॅनेल आणि शेवटी बॅटरी. बॅटरीविना पॅनेल जोडले, तर पॅनेलचे ४६ व्होल्ट थेट कंट्रोलरच्या अंगावर येतात आणि बारा-चोवीस आपोआप ओळखणारा कंट्रोलर चुकीची व्यवस्था गृहीत धरू शकतो. यावरून आठवले : कंट्रोलरच्या पाठीवर पॅनेलचे कमाल व्होल्टेज किती लिहिले आहे ते पाहून घ्या. काही स्वस्त कंट्रोलरांना १२ व्होल्टच्या बॅटरीवर असताना २५ व्होल्टच चालतात.

आता रात्रीच्या हिशेबाविषयी. जुना पंखा ७५ वॉटचा धरला आणि तो आठ तास चालला, तर ६०० वॉट-तास होतात. नऊ वॉटचे चार दिवे चार तास, म्हणजे १४४. इन्व्हर्टर यातले सुमारे १५ टक्के स्वतः खातो आणि काहीही न चालवता नुसता सुरू राहण्यासाठीही १५ वॉटच्या आसपास घेतो. बारा तासांचे ते १८० झाले. सगळे मिळून १०६० वॉट-तास, म्हणजे बॅटरीतून ८७ एएच. तेवढे परत भरायला सुमारे १०० एएच द्यावे लागतात. १५ अँपिअरने सहा तास पूर्ण ऊन मिळाले, तरी ९० च होतात. म्हणजे तार सुधारल्यावरही रोज थोडे उणेच पडेल. यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे ३० वॉटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा. त्याने रात्रीचा खर्च ८७ वरून ५२ एएचवर येतो आणि भरायला ६० एएच पुरतात.

---

कौलारू

कंट्रोलरच्या पाठीवर ५० व्होल्ट लिहिले आहे. फ्यूज कुठेही नाही. पॅनेल आणि कंट्रोलर यांच्यामध्ये एक एमसीबी (प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा खटका) आहे, तो मीटरच्या पेटीत असतो तसाच दिसतो. तो तसाच ठेवला तर चालेल का?

---

द्राक्षवेल

कृपया तो काढून टाकावा. आमच्या मळ्यावर नेमके हेच झाले होते, म्हणून तपशिलाने लिहितो.

आमच्याकडेही जोडणी करणाऱ्याने घरगुती एसीचा एमसीबी पॅनेलच्या तारेवर लावला होता. सहा महिने काही झाले नाही. एके दिवशी पॅनेल धुण्यासाठी मी भर दुपारी तो खाली ओढला. आतून चरचर आवाज आला आणि फटीतून निळसर उजेड दिसू लागला. खटका खाली होता, तरी तो उजेड विझेना. भाऊ धावत गेला आणि त्याने पॅनेलवर ताडपत्री टाकली, तेव्हा तो थांबला. पेटी उघडून पाहिली, तर एमसीबीचे एका बाजूचे प्लास्टिक वितळून दुसऱ्या बाजूला चिकटले होते. आपल्या घरातला एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि त्या क्षणी ठिणगी आपोआप तुटते. डीसी प्रवाह शून्यावर येतच नाही, म्हणून ठिणगीची कमान तशीच जळत राहते. आमच्या मळ्यावर चार पॅनेल सीरिजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेली, आहेत, त्यामुळे व्होल्टेज जास्त होते. तुमच्याकडे ते ४६ च आहे, धोका कमी असेल, पण नाही असे नाही. डीसी असे छापलेला आणि तुमच्या व्होल्टेजसाठी मान्य असलेलाच एमसीबी घ्यावा. त्यातील काहींवर अधिक-उणे खुणा असतात. तसे असल्यास ते उलटे जोडू नयेत, नाहीतर त्यांच्यातही कमान विझत नाही.

पुढेमागे तुम्ही एमपीपीटी घेऊन दोन्ही पॅनेल सीरिजमध्ये करणार असाल, तर थंडीचा विचार करावा, हे निफाडचा माणूस म्हणून आवर्जून सांगतो. पॅनेलच्या मागे लिहिलेले ४६ व्होल्ट २५ अंश तापमानाचे असतात. तापमान उतरले की व्होल्टेज चढते, अंशाला साधारण ०.२९ टक्के. आमच्याकडे जानेवारीत पहाटे पारा पाच अंशांपर्यंत खाली येतो. दोन पॅनेलांचे ९२ व्होल्ट तेव्हा ९७ च्या पुढे जातात आणि सूर्य वर येताच ते पूर्ण व्होल्टेज गार पॅनेलांतून कंट्रोलरवर येते. १०० व्होल्टच्या कंट्रोलरला त्यात फार थोडी जागा उरते. दापोलीत एवढी थंडी पडत नाही, तरी १५० व्होल्टचा घेतलेला बरा.

---

संत्रानगरी

या विषयाला लागूनच एक प्रश्न विचारतो. आम्ही नागपुरात जुन्या इन्व्हर्टर-बॅटरीला पॅनेल आणि कंट्रोलर जोडला, पण विजेचे बिल रुपयानेही उतरले नाही. जोडणीत चूक आहे का?

---

तांबेतार

चूक तारांत नाही. तुमचा साधा इन्व्हर्टर वीज असताना बॅटरी स्वतःच भरून ठेवतो आणि घरही थेट विजेवर चालवतो. सकाळी सूर्य वर येईपर्यंत बॅटरी भरलेलीच असते, मग सोलरच्या प्रवाहाला जागा कुठे असणार? इन्व्हर्टरचे इनपुट दिवसा ठरावीक वेळ बंद ठेवणारा टायमर लावा किंवा सोलरला प्राधान्य देणारा इन्व्हर्टर घ्या. टायमर लावलात, तर बॅटरी रोज फार खोलवर उतरणार नाही हे पाहा.

केवळ बिल कमी करणे हा हेतू असेल, तर बॅटरीचा मार्ग महाग आहे. त्यासाठी ग्रीडला, म्हणजे बाहेरच्या वीजजाळ्याला, जोडलेली यंत्रणा योग्य. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरांना १ किलोवॉटला ३०,००० रुपये, २ किलोवॉटला ६०,००० आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून अधिकला ७८,००० रुपये अनुदान आहे, आणि ते ग्रीडला जोडलेल्या यंत्रणेसाठीच आहे. तिच्यातला साधा ग्रीड इन्व्हर्टर वीज गेली की स्वतःही बंद पडतो, कारण खांबावर काम करणाऱ्या माणसाच्या अंगावर आपल्या छपराची वीज जाता कामा नये. कौलारू यांची गरज याच्या नेमकी उलट आहे, म्हणून त्यांनी निवडलेला स्वतंत्र मार्ग मला योग्य वाटतो.

---

विद्युल्लता

एमपीपीटीचा विषय निघालाच आहे, तर कोकणाच्या दृष्टीने त्याचा खरा उपयोग सांगते. ऐन मे महिन्यात आपल्याला त्याची गरज नाही. उलट ६७० वॉटपैकी प्रत्यक्षात मिळणारे ५०० वॉट एकाच बॅटरीत ओतले, तर ३७ अँपिअर होतात आणि १५० एएचच्या बॅटरीला ते जास्त आहेत. त्यामुळे एमपीपीटी घेतला, तर त्यात चार्जिंगची मर्यादा २० अँपिअर ठेवावी.

त्याचा फायदा आषाढात दिसतो. ढगांनी प्रकाश पावपट झाला, की पॅनेलचे अँपिअरही पावपट होतात; व्होल्टेज मात्र फारसे उतरत नाही. पीडब्ल्यूएममधून तेव्हा चार-साडेचार अँपिअरच मिळतील. एमपीपीटी त्याच प्रकाशातून सुमारे १६५ वॉट उचलून बॅटरीला १२ अँपिअर देईल. आज जास्तीची वाटणारी पॅनेलची क्षमता पावसाळ्यात अशी कामाला येते. म्हणून आधी जागा आणि तार सुधारावी, एक महिना पाहावे, आणि जूनच्या आत ठरवावे.

एक तातडीचे काम मात्र आहे. ११८० वर राहिलेली बॅटरी तशीच वापरू नये. विजेवर चालणाऱ्या चांगल्या चार्जरने ती एकदा पूर्ण भरून घ्यावी, सर्व सेलांतून बुडबुडे येऊन ग्रॅव्हिटी दोन-तीन तास एकाच आकड्यावर थांबेपर्यंत. त्या वेळी पडवीची दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, जवळ देवघरातला दिवा किंवा उदबत्तीही नसावी. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढेच डिस्टिल्ड वॉटर आधी घालावे आणि खुणेपर्यंतची भर बॅटरी भरल्यावर घालावी, कारण भरताना पाणी वर चढते आणि आम्ल बाहेर सांडते.

---

कौलारू

पाच आठवड्यांनी लिहितो आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

कंट्रोलर खाली आणला. जांभ्याच्या भिंतीत थेट स्क्रू धरेनात, म्हणून आधी सागवानी फळी लावून तिच्यावर तो बसवला. बॅटरीपासून तो हातभर बाजूला आहे. मधली तार १० चौरस मिलिमीटरची आहे, कारण कंट्रोलरमध्ये त्याहून जाड बसत नव्हती. टोकांना लग दाबून घेतले आणि खाडीकाठ यांच्या अनुभवावरून बॅटरीच्या टर्मिनलांना पेट्रोलियम जेली लावली. दोन्ही फ्यूज बसवले, एमसीबी डीसीचा घेतला आणि पॅनेलच्या स्टँडला अर्थिंगही नव्हते, ते स्वतंत्र खड्डा करून दिले.

बॅटरी चार्जरवर भरायला दीड दिवस लागला. पाच सेल १२३५ पर्यंत आले, तिसरा सेल १२२० वरच थांबला. तो पूर्ण सुधारेल की नाही, हे येत्या दोन-तीन महिन्यांत कळेल.

परवा पुन्हा मोजले. दुपारी बारा वाजता कंट्रोलरवर १३.८ आणि बॅटरीवर १३.७ होते, प्रवाह १५.५ अँपिअर. १४.४ व्हायला सव्वा वाजला आणि हिरवा दिवा सव्वातीनला लागला, तेव्हा आंब्याची सावली अजून स्टँडपर्यंत पोचली नव्हती. पंखाही बदलला आहे. सकाळी सहाला आई उठते तेव्हा पंखा चालू असतो. इन्व्हर्टर गेल्या तीन आठवड्यांत एकदाही रात्री बंद पडलेला नाही. बाबा आता दर रविवारी सहाही सेलांची ग्रॅव्हिटी वहीत लिहून ठेवतात आणि तिसऱ्या सेलचा आकडा मला फोनवर आधी सांगतात. काल तो १२२५ होता.